लासलगाव म्हणजे फक्त कांदा का? गावाचा इतिहास लिहायला बसलोय, मदत हवीय

ठाकुर्लीकर

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितोय, सांभाळून घ्या. मी जन्मापासून ठाकुर्लीत पण आम्ही मूळचे लासलगावचे, तालुका निफाड, जिल्हा नाशिक. आजोबा तिथे मार्केटला मापारी, म्हणजे माल तोलणारे होते, वडील रेल्वेच्या नोकरीपायी इकडे आले आणि इकडचेच झाले, पण दर उन्हाळ्यात आम्हाला पंचवटीने गावी न्यायचे. मे महिन्यात गाडीतून उतरलं की पहिला वास कांद्याचा, आणि आत्याच्या घरापर्यंत जाताना रस्त्याच्या कडेला, गटारात, कुंपणाच्या तारेत सगळीकडे टरफलं अडकलेली, वारा सुटला की ती अंगणात येऊन पडायची आणि आत्या दिवसातून तीनदा झाडायची.

वडील मागच्या वर्षी गेले. दिवाळीच्या आधी माळा आवरताना एक पत्र्याची ट्रंक निघाली, आजोबांची. ती गावाहून कधी आली हे आईलासुद्धा सांगता येईना. आत कपडे बिपडे काही नाही, नुसते कागद. तारेला ओवलेल्या चिठ्ठ्या, हिशेबपट्ट्या, दोन वह्या. काही ठिकाणी मण आणि शेर, काही ठिकाणी रुपये-आणे, एका पट्टीवर 'जेठ सुद ७, सं. २०१०' असं लिहिलंय, आकड्यांपुढे उभ्या दांड्या मारल्यात त्या कसल्या ते कळेना, आणि 'खाद' म्हणून एक रकाना आहे. एका चिठ्ठीला कांद्याचं टरफल चिकटलेलं होतं, गुलाबीसर, बोट लावलं आणि भुगा झाला. त्या रात्री झोप आली नाही मला.

तेव्हापासून डोक्यात आहे की गावाचा इतिहास लिहून काढायचा. इंटरनेटवर लासलगाव टाकलं तर काय येतं, आशियातली सगळ्यात मोठी कांद्याची बाजारपेठ, आजचा भाव, निर्यातबंदी, झालं. माणसं कुठेत? गाव कसं जगायचं, बाजाराच्या आधी काय होतं, कोण कुठून आलं, हे कुणीच लिहिलेलं दिसत नाही. मला सुट्टी शनिवार-रविवारच मिळते त्यामुळे मुंबईत बसून काय शोधता येईल ते आधी सांगा, आणि गावी गेल्यावर कुणाला काय विचारायचं तेही. आणि हो, एका चिठ्ठीच्या पाठीमागे बायांची मजुरी मांडलीय, पण नावं नाहीत, 'येवल्याची', 'विंचूरची थोरली', 'पोरवाली' असं लिहिलंय. त्याचं काय करू?

कागद_वाचतो

ठाकुर्लीकर, पहिली गोष्ट, त्या चिठ्ठ्या तारेतून काढू नका, निदान आत्ता तरी नको. ज्या क्रमाने ओवल्यात तोच त्यांचा क्रम आहे, खालची जुनी वरची नवी, एकदा सुटल्या की तो गेला. तारेला असतानाच एकेक उलगडून मोबाईलने फोटो काढा, दोन्ही बाजूंचे. लॅमिनेशन तर अजिबात करू नका, फार लोकांनी घरची जुनी कागदपत्रं त्यात घालून नासवलीत. मी नोकरीची बरीच वर्षं जुन्या दप्तरात काढली म्हणून एवढं हक्काने सांगतोय.

आता तारखा. संवत व्यापाऱ्यांचं, ते दिवाळीच्या पाडव्याला बदलतं. संवत २०१० म्हणजे नोव्हेंबर १९५३ ते ऑक्टोबर १९५४, आणि जेठ सुद म्हणजे ज्येष्ठ शुद्ध, तर ती पट्टी जून १९५४ ची, उन्हाळ कांद्याच्या दिवसातली. गावच्या माणसाने लिहिलेल्या कागदावर मात्र शके असेल. शक पाडव्याला, चैत्रात बदलतो, त्यात ७८ मिळवा, आणि महिना पौष-माघ-फाल्गुन असेल तर बहुतेक ७९. ज्यावर तारीखच नाही तिथे पैसे बघा. आणे-पै असतील तर साधारण १ एप्रिल १९५७ च्या आधीचं, 'न.पै.' म्हणजे नवे पैसे लिहिलं असेल तर १९५७ ते १९६४ च्या मधलं. अर्थात जुन्या माणसांच्या हाताला आणे पुढेही बरीच वर्षं राहिले, म्हणून एकट्या त्यावर जाऊ नका. मण-शेराचं तेच, किलो-क्विंटल साठच्या आसपास रुळलं. छापील पट्टीच्या डोक्यावर पिनकोड असेल तर ती ऑगस्ट १९७२ नंतरची, आणि 'मुंबई राज्य' असेल तर १ मे १९६० च्या आधी छापलेली.

उभ्या दांड्या म्हणजे पाव, अर्धा, पाऊण. एक दांडी पाव, दोन अर्धा, तीन पाऊण. १॥ म्हणजे दीड. मजुरीच्या यादीत बाईच्या पुढे ॥। असेल तर पाऊण, मग तो पाऊण रुपया की पाऊण दिवस ते त्या यादीची खालची बेरीज करून बघा, बेरीज जुळली की कळेल.

पट्टीत वजावटी काय काय आहेत ते नीट उतरवून घ्या, त्यातच खरा इतिहास आहे असं मी म्हणेन. हमाली, तोलाई, आडत म्हणजे दलाली, कडता म्हणजे वजनात धरलेली सूट, धर्मादाय. तुमच्याकडची बाजार समिती १९४७ ची, ती ज्या कायद्याखाली निघाली तो १९३९ चा. त्याच्या आधी जुन्या पेठांत रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरायचा, हत्ता म्हणायचे त्याला, ज्याचा माल तो शेतकरी शेजारी उभा आणि त्यालाच भाव माहीत नाही. उघडा लिलाव आला, वजनाला लायसनवाला मापारी आला, म्हणजे तुमचे आजोबा ज्या जागेवर बसायचे ती जागाच मुळात शेतकऱ्याच्या भांडणातून तयार झालेली होती. १९४७ च्या आधीची एखादी पट्टी निघाली आणि नंतरची शेजारी ठेवली तर वजावटीतला फरक तुम्हाला डोळ्यांनी दिसेल.

मुंबईत कुठे बघायचं ते. काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत पुराभिलेखागार आहे, ओळखपत्र घेऊन जा आणि महसूल खात्याचे, रेल्वेचे जुने खंड मागा. हॉर्निमन सर्कलला एशियाटिकमध्ये १८८३ चं नाशिक जिल्ह्याचं गॅझेटियर मिळेल, नंतरचं १९७५ चं, ही दोन्ही ऑनलाइनपण सापडतात. दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात जुनी नियतकालिकं. पण अपेक्षा बेताची ठेवा, गॅझेटियरमध्ये एका गावाला चार-पाच ओळी मिळतात, आणि त्या साहेबाला जे हवं होतं त्याच्या, किती वस्ती, किती माल स्टेशनवर चढला.

एक गंमतीची गोष्ट सांगतो, रेल्वेचे आहात म्हणून. नाशिक ते चाळीसगाव रूळ १८६१ लाच सुरू झाले होते, पण थळ घाट, म्हणजे कसारा-इगतपुरी, तो १८६५ च्या १ जानेवारीला खुला झाला. म्हणजे तीन वर्षांहून जास्त काळ तुमच्या शिवारातून आगगाडी धावत होती आणि तरी माणूस त्या गाडीत बसून सरळ मुंबईला येऊ शकत नव्हता, मधला घाट रस्त्याने उतरायला लागायचा. तो घाट जोडला गेला तेव्हापासून मुंबई तुमच्या गावाची गिऱ्हाईक झाली.

ठाकुर्लीकर

काका, तुमचे आभार कसे मानू तेच कळत नाही. बेरीज केली. दिवस आहेत ते, पैसे नाहीत. 'पोरवाली'पुढे सगळीकडे ॥। आहे, बाकीच्यांना १. म्हणजे तिला पाऊण दिवस धरलाय.

वाशीचा_गाळा

मी वाशीला कांदा-बटाटा मार्केटला असतो, पहाटे गाड्या लागतात तेव्हापासून, त्यामुळे 'खाद'चं मी सांगतो. माल खळ्यावर ओतला की निवडताना जो फुटका, सडका, कोंब आलेला, पाण्याने भिजलेला निघतो ती खाद. बारीक कांदा ती गोल्टी, दोन डोक्यांचा तो जोड. वहीत गो. किंवा जो. असं काही दिसलं तर तेच. आणि कुठे 'वांधा' लिहिलेलं सापडलं तर ते पान जपून ठेवा दादा. वर चांगला माल, खाली हलका निघाला की व्यापारी म्हणणार भाव पाडून द्या, शेतकरी म्हणणार तू लिलावात बघून बोली लावलीस, मग वाद मिटवायला माणसं बसणार, तो वांधा. कोण कुणाच्या बाजूने बोलायचं, मापारी कुणाकडून उभा राहायचा, हे सगळं त्यात येतं.

तुमच्याकडे माल तीन वेळा येतो हेही लिहा, शहरातल्यांना कांदा बारा महिने एकच वाटतो. दिवाळीच्या आगेमागे लाल, तो टिकत नाही, काढला की विकायलाच लागतो, मग रांगडा, आणि मार्च-एप्रिलपासून उन्हाळ, तो चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर मांडवात भरून ठेवतात. ज्याच्याकडे चाळ त्याला थांबता येतं, ज्याच्याकडे नाही तो काढणीच्या दिवशी जो भाव असेल तो घेऊन घरी जातो. गावात कोणाची चाळ कधी झाली हे विचारा, कुणाकडे बांबूची होती, कुणाचा पत्रा कधी आला, त्याच्यावरून कुणाचं बस्तान कधी बसलं ते कळतं. माझ्या आज्याने उभ्या आयुष्यात चाळ बांधली नाही, इकडे येऊन मुंबईच्या बाजारात पाठीवर गोण्या वाहिल्या, मी त्याच गोण्यांचा आज हिशेब लिहितो. माथाडीचा कायदा १९६९ चा, त्याच्या आधी हमालाला ना नोंद ना फंड, आजा सांगायचा की आजारी पडला तो दिवस गेला.

भाभा अणुसंशोधन केंद्राचं पण लिहा ना, ते बऱ्याच जणांना माहीत नसतं. ट्रॉम्बेवाल्यांनी २००२ ला लासलगावला 'कृषक' नावाचं केंद्र काढलं, कांद्याला कोंब येऊ नये म्हणून त्यावर कोबाल्टचे किरण सोडतात, आणि पुढे २००७ ला अमेरिकेत हापूस गेला तो तिथूनच प्रक्रिया होऊन गेला. कोकणातला आंबा कांद्याच्या गावातून अमेरिकेला.

चांदवडची_माहेरवाशीण

मी बोरिवलीत असते, माहेर चांदवड तालुक्यात, तुमच्या शेजारीच. दोन दिवस हा धागा वाचतेय आणि ते 'पोरवाली' डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहायला बसले.

दादा, खळ्यावर बसलेल्या बायका तुम्ही लहानपणी पाहिल्या असतील पण त्यांच्या शेजारी बसून पाहिलं नसेल. माझी आई बसायची. गुडघा पोटाशी, एक पाय लांब, मांडीवर गोणपाट, समोर ढीग. दोन्ही हात एकदम चालायचे, डोळे खाली नसायचेच, बोटांना कळायचं कुठला मऊ आहे, तो न बघता डावीकडे, जोड मागे, चांगला पुढे. गोणी भरली की दाभणात सुतळी ओवून तोंड शिवायचं, दाभण अंगठ्याच्या ज्या जागी टेकायचं तिथे आईला एक घट्टा होता, गोल, पिवळट, ती गेली तेव्हाही होता. तान्हं मूल असलं की निंबाला झोळी. त्याला पाजायला उठायचं, रडलं की उठायचं, म्हणून पाऊण दिवस. आता कळलं ना तुमच्या आजोबांच्या यादीत ॥। का आहे ते.

मी तुमच्या आजोबांना दोष देत नाहीये, तेव्हाची रीतच ती होती, बाई म्हणजे कुठल्या तरी गावाची किंवा कुणाची तरी. पण तुम्ही आज लिहिताय ना, तर आधी त्या तिघींची नावं शोधा. बाजार समिती कधी झाली ते कुठेही सापडेल, ते पळून जात नाही. येवल्याची कोण हे सांगणारी माणसं मात्र आज ऐंशीच्या घरात आहेत. तुमची आत्या आहे ना अजून? तिच्यापासून सुरू करा. आणि विचारताना 'इतिहास सांग' असं म्हणू नका, बायका म्हणतात मला मेलीला काय माहीत इतिहास, आणि विषय संपतो. चिठ्ठी हातात द्या. नाहीतर विचारा दाभण कुठे मिळायचं, दुपारची भाकरी कुणाच्या सावलीला बसून खायचात, पहिल्यांदा स्वतःच्या हातात पैसे कधी आले. मग बघा.

आणखी एक. १९८० च्या नोव्हेंबरात शरद जोशींचं कांद्या-उसाचं आंदोलन झालं, रस्ते अडवले, रेल्वे अडवली, तुमच्याच तालुक्यात खेरवाडीला गोळीबार होऊन शेतकरी गेले. तुमच्या गावातले पुरुष ते सांगतील. पण सहा वर्षांनी, नोव्हेंबर १९८६ ला, आमच्या चांदवडला शेतकरी बायकांचं अधिवेशन झालं, लाखाच्या वर बाया होत्या, ट्रकने ट्रॅक्टरने भाकऱ्या बांधून आलेल्या, त्यात लासलगावकडच्या किती होत्या ते कुणी विचारत नाही. आई गेली होती, मी तिच्या मागे मागे. त्यानंतर ते लक्ष्मीमुक्तीचं निघालं, बायकोच्या नावावर जमिनीचा तुकडा करायचा, गावात शंभर जणांनी केलं की त्यांच्या कौतुकाला शरद जोशी स्वतः यायचे. आमच्या वडिलांनी अर्धा एकर केला आईच्या नावावर. उताऱ्यावर तिचं नाव आल्यावर आईने तो उतारा तांदळाच्या डब्यात ठेवला होता, का ते मला आजही सांगता येणार नाही, तिला तीच जागा सुरक्षित वाटली असेल. तुमच्या गावचे १९९० च्या आसपासचे फेरफार, म्हणजे जमिनीच्या मालकी बदलाच्या नोंदी बघा, बायकांची नावं अचानक यायला लागलेली दिसतात का ते.

येवला_नाका

वरच्या सगळ्यांचं बरोबर आहे पण एक राहतंय म्हणून लिहितो. तुम्ही मार्केटच्या कागदावरून गाव लिहायला गेलात तर जो मार्केटला माल आणायचा किंवा मार्केटला काम करायचा तोच दिसेल. ज्याला जमीनच नव्हती, ज्याला आडावर पाणी भरू देत नव्हते, तो त्या तारेला ओवलेला नाही.

तुम्ही सगळे म्हणताय येवल्याची येवल्याची, तर येवला तुमच्यापासून किती लांब? १३ ऑक्टोबर १९३५ ला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा येवल्यात केली. त्याच्या आधी पाच वर्षं, मार्च १९३० पासून, नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह चालला होता. तुमच्या पट्ट्यातून माणसं दोन्हीकडे गेली असणार, आमच्या वस्तीतली गेली होती, आजी सांगायची की येवल्याला बैलगाडीने निघाले आणि परत आले ते वेगळेच होऊन, मेलेली ढोरं ओढायची नाहीत असं ठरवूनच आले, आणि मग गावाने किती दिवस त्यांचं दळण बंद केलं तेही सांगायची. हे कुठल्या गॅझेटियरात आहे? महारवतन गेलं १९५८ च्या कायद्याने, पाटीलकी गेली १९६२ च्या कायद्याने, कुळकायद्याचा कृषक दिन १ एप्रिल १९५७, म्हणजे दहा वर्षांच्या आत गावाचा सगळा जुना सांगाडा बदलला आणि तुमच्या आजोबांच्या चिठ्ठ्या नेमक्या त्याच वर्षांतल्या आहेत. त्या काळात कोण कुळ होतं आणि कोण मालक झालं ते फेरफारात मिळतं. कोण कुळसुद्धा नव्हतं ते मिळत नाही. त्यासाठी वस्तीत जाऊन बसायला लागेल.

कागदच हवा असेल तर दोन सांगतो. एक, गाव नमुना १४, कोतवाल बुक म्हणतात, जन्म-मृत्यूची नोंद, निफाडला तहसीलला विचारा. त्यात गावातला सगळा मरण पावलेला माणूस येतो, पाटील काय आणि महार काय, मरणाचं कारण पण असतं, पटकी, देवी, ताप. १९१८ ची पानं मिळाली तर बघा, मानमोडीची म्हणजे इन्फ्लुएंझाची साथ, एकाच आडनावाच्या ओळीच्या ओळी सापडतात. दुसरं, मराठी शाळेचं जनरल रजिस्टर. आमच्या गावच्या शाळेतलं वाळवीने खाल्लं, कपाट भिंतीला टेकून ठेवलेलं, कुणी बघितलंच नाही, माझ्या आजोबांच्या नावाचं पान त्यात गेलं. तुमचं शाबूत असेल तर मुख्याध्यापकांना विनंती करून फोटो घ्या. शाळा कुठल्या वर्षी कुणाच्या पोरांसाठी उघडली आणि ती पोरं चौथीच्या आधी कुठल्या महिन्यात गळली, ते दिसतं. कांदा काढणीचा महिना बघा त्यात.

कागद_वाचतो

येवला नाका यांचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे, मी लिहायला हवं होतं आणि राहून गेलं. जुने फेरफार स्कॅन करून 'आपले अभिलेख' या सरकारी साइटवर टाकलेत, तिथे तालुका-गाव टाकून आधी शोधा, खेप वाचेल. कोतवाल बुकाची जुनी पानं मोडीत असण्याची शक्यता आहे. मोडी वाचणारं कुणी नसेल तर मला फोटो पाठवा, डोळे अजून बरे आहेत.

वाशीचा_गाळा

आणि दादा अमावस्या लिहायची विसरू नका. अमावस्येला लिलाव बंद, ही तिकडची जुनी रीत, आत्ता अलीकडे मोडली. त्या दिवशी गाव काय करायचं ते विचारा म्हाताऱ्यांना, मार्केट बंद म्हणजे हमालाला, बायांना सगळ्यांना एकदम सुट्टी, महिन्यातनं तो एकच दिवस. आमच्या आज्याचं लग्न अमावस्या सोडून दुसऱ्या दिवशी ठेवलं तर निम्मे हमाल आले नव्हते म्हणे, पण अमावस्येला लग्न लावायला भटजी तयार होईना.

ठाकुर्लीकर

मंडळी, उशीर झाला उत्तर द्यायला, गेल्या शनिवारी जाऊन आलो. शुक्रवारी संध्याकाळच्या पंचवटीला कल्याणहून चढलो, ट्रंक नेली नाही, फोटो आणि ती एक बायांची यादीवाली चिठ्ठी तेवढी प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घालून नेली.

आत्या ८० ची आहे, एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय. ताईंनी सांगितलं तसं काहीच विचारलं नाही, चिठ्ठी हातात दिली. तिला वाचता येतं, चौथीपर्यंत शिकलीय, पण तिने आधी वाचलं नाही, नाकाशी नेऊन वास घेतला. मग म्हणाली, हे दादांचं अक्षर, तिचे दादा म्हणजे माझे आजोबा. १९५४ ला ती आठ-नऊ वर्षांची, आजोबांची भाकरी घेऊन रोज दुपारी मार्केटला जायची, म्हणजे त्या सगळ्या बाया तिने पाहिलेल्या.

'विंचूरची थोरली' म्हणजे दोघी जावा होत्या, विंचूरहून पहाटे चालत यायच्या, थोरली उंच होती आणि गाणं म्हणायची, धाकटी तिच्या मागे ओढायची. थोरलीचं नाव आत्याला आठवेना, दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना अचानक आठवलं आणि ती मोठ्याने ओरडलीच. 'येवल्याची'चं नाव तिने लगेच सांगितलं, नवरा मागावर पैठणी विणायचा, माग बंद पडला म्हणून ती इकडे आली, पुढे इकडेच राहिली, तिचा नातू गावात आहे. दोन्ही नावं मी चिठ्ठीच्या फोटोखाली लिहिलीत, इथे लिहीत नाही, घरच्यांना अजून विचारलेलं नाही. नातवाला पुढच्या वेळी भेटणार आहे.

'पोरवाली' मात्र लागली नाही. मी दोन-तीनदा विचारलं, कुणाची सून, कुठल्या आळीची, पोर मुलगा की मुलगी. आत्या चिठ्ठी घेऊन बराच वेळ बसली आणि म्हणाली, अरे तेव्हा सगळ्याच पोरवाल्या होत्या, मी कुठली सांगू. निंबाचं झाड विचारलं तर म्हणाली होतं, मार्केटच्या जुन्या कुंपणापाशी, एका वेळी चार-चार झोळ्या टांगलेल्या असायच्या आणि जी मोकळी असेल ती येऊन सगळ्या हलवून जायची, स्वतःचं पोर नसलं तरी. तिला आणि तिच्या मैत्रिणींना भाकरी देऊन झाली की तेच काम लावायचे. हे सांगताना तिचा हात आपोआप दोरी ओढल्यासारखा चालला होता, मी तेवढंच व्हिडिओत घेतलंय.

अमावस्येचं विचारलं. म्हणाली त्या दिवशी बाया डोकी धुवायच्या, गोधड्या धुवायच्या आणि दुपारी झोपायच्या. बाकी काही नाही, झोपायच्या.

येवला नाका दादा, वस्तीत जायला या खेपेला वेळ मिळाला नाही, खोटं सांगत नाही. पण शाळेत गेलो, रजिस्टर आहे, शाबूत आहे, लोखंडी कपाटात. सरांनी सांगितलं अर्ज आणा मग दाखवतो. अर्जात काय लिहायचं ते जरा सांगाल का, आणि काका, मोडीची दोन पानं वहीत शेवटी निघालीत, फोटो आज रात्री पाठवतो.